फ्लुएंटच्या चौकटीत टिक

४ फेब्रुवारी
आज ऑफिसात कागद आला. इंग्रजी किती येतं ते ज्याने त्याने ठरवायचं. चार चौकटी: थोडंफार, कामापुरतं, चांगलं, फ्लुएंट. महिनाअखेर परदेशातून एक बडे पाहुणे येणार, त्यांना पंपांचा कारखाना दाखवायचा. ज्याला जमेल त्याला नवीन एक्सपोर्टचं टेबल. खिडकीजवळचं. स्टोअरच्या धुळीत माझी उमेदीची वर्षं गेली, आता ते टेबल माझंच.
'फ्लुएंट'वर टिक केली. अकाउंट्समधल्या घुम्याने बराच वेळ पेन चावून 'कामापुरतं'वर केली. आत्मविश्वास नावाची चीजच नाही बिचाऱ्याकडे.

५ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, पण तुम्ही इंग्रजी बोलता कधी? म्हटलं, गरज पडली नाही म्हणून. विहिरीत आहे म्हणून कोणी रोज पाणी उपसतं का? ती म्हणाली, हो, उपसतात.

७ फेब्रुवारी, सकाळ
फ्लुएंट माणूस इंग्रजीत विचार करतो म्हणे. बसमध्ये करून पाहिला. चार स्टॉप गेले, डोक्यात एकही विचार आला नाही. इंग्रजीने मन शांत होतं हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

९ फेब्रुवारी
मोबाइलवर लेव्हल तपासायची टेस्ट दिली. निकाल: बिगिनर. टेस्टमध्ये काहीतरी तांत्रिक बिघाड असावा.
संध्याकाळी दुसरी टेस्ट दिली. लेक शेजारी बसली होती, फक्त उत्तरं सांगायला. निकाल: अ‍ॅडव्हान्स्ड. ही टेस्ट जास्त शास्त्रीय वाटली.

१२ फेब्रुवारी
लेकीने शाळेत सांगून टाकलंय, बाबा परदेशी पाहुण्यांशी बोलणार. आता माघार नाही. ऊर भरून आला. 

१५ फेब्रुवारी
मोठा निर्णय: अख्खं भाषण पाठ करायचं. मेन गेटपासून सुरुवात, मग भट्टी, मशीन शॉप, असेंब्ली, टेस्टिंग, पेंट, शेवटी पॅकिंग. घरातच सराव. स्वयंपाकघर म्हणजे भट्टी, बाथरूम म्हणजे टेस्टिंग, दिवाणावर पॅकिंग. सासूबाई पाहुणे झाल्या. शेवटपर्यंत हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होत्या. मग म्हणाल्या, जावईबापू, आवाज छान लागलाय.
एकच अडचण. मध्ये थांबलो तर पुन्हा गेटपासून सुरू करावं लागतं. उपाय: थांबायचं नाही.

१९ फेब्रुवारी
बायकोचं नवीन खुसपट. पाहुण्यांनी काही विचारलं तर? म्हटलं, मी इतकं सविस्तर सांगणार की विचारायला उरणारच नाही. ती म्हणाली, थोडं ऐकायचाही सराव करा. ऐकायला काय लागतं? कान आहेत.

२४ फेब्रुवारी, सकाळ
आज पाहुणे. नवा शर्ट. लेकीने दारातून बेस्ट लक म्हटलं. शब्दन् शब्द कळला.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
दणदणीत यश. किरकोळ गडबड एवढीच की मेन गेटवर ट्रक अडकला आणि साहेबांनी गाडी मागच्या गेटने आत आणली. म्हणजे पॅकिंगच्या बाजूने. माझं भाषण तर मेन गेटपासूनचं. पण थांबायचं नाही हे ठरलेलं. खोक्यांच्या ढिगापुढे उभा राहून भट्टी सांगितली, किती धगधगते वगैरे. पॅकिंगच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या. पाहुणे मात्र मान डोलवत होते. थेट भट्टीपाशी पोहोचलो तेव्हा माझं पॅकिंग आलं होतं. घामाघूम होऊन पुठ्ठ्याची महती सांगितली.
मागे फिरताना असेंब्लीत पाहुणे घाईघाईने काहीतरी विचारू लागले. मी 'ऑफ कोर्स सर, आफ्टर' म्हणून पुढे चालू ठेवलं. ते पायांची चुळबुळ करत ऐकत राहिले. तेवढ्यात घुम्या आला, दोन शब्द बोलला आणि त्यांना कुठेतरी घेऊन गेला. परतले तेव्हा फार प्रसन्न दिसत होते. पण भाषण मधे तोडणं हा घुम्याचा अगोचरपणा झाला. मला पुन्हा गेटपासून सुरू करावं लागलं.
निघताना पाहुण्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. इतका वेळ कोणी उगाच ऐकत नाही. टेबलावर लेकीचा फोटो ठेवावा म्हणतो.

२७ फेब्रुवारी, दुपार
शिक्कामोर्तब. पाहुण्यांचा फोन आला. साहेबांनी मला आणि घुम्याला केबिनमध्ये बोलावून स्पीकर चालू केला. ऑर्डर पक्की झाली. मग पाहुणे खास माझ्याविषयी बोलले, चांगलं लांबलचक. 'लँग्वेज' ऐकू आलं, 'व्हेरी स्वीट' ऐकू आलं. मी पुढे झुकून खणखणीत आवाजात म्हटलं, 'थँक यू सर, माय प्लेजर.' साहेबांनी डोळे मिटून घेतले. भारावले असावेत. घुम्या खिडकीबाहेर बघत होता. मत्सर वाईट.
स्टोअरमध्ये येऊन ड्रॉवर रिकामा करायला घेतला.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
ड्रॉवर पुन्हा भरला.
चहाच्या वेळी घुम्या स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसला. टेबल त्याला मिळालं म्हणून सांगायला. मी विचारलं, मग पाहुण्यांनी माझं एवढं कौतुक केलं त्याचं काय? तो खूप खोदून विचारल्यावर बोलला. पाहुणे म्हणाले की तुमच्या त्या गृहस्थांनी फार आपुलकीने सगळं दाखवलं, तुमच्याकडची भाषा मला एका अक्षरानेही कळली नाही, पण ऐकायला फार गोड वाटली, पुढच्या वेळी मात्र सोबत कोणी इंग्रजी बोलणारं मिळालं तर बरं होईल.
आणि त्यावर मी म्हणालो, थँक यू सर, माय प्लेजर.
लाज वाटली. घरी लेकीला काय सांगायचं या विचारात चहा गार झाला. घुम्याने पाठीवर हात ठेवला आणि भाषा गोड वाटली हे पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मी सांगायला लावलं.