सासरेबुवांना बैलांच्या यादीतून वगळण्याबाबत

प्रति,
मा. चारा योजना अधिकारी साहेब,
चारा योजना कार्यालय, शनवारा, बुऱ्हाणपूर

विषय : माझे सासरे श्री. कडू यांचे नाव 'बैल' या सदरातून कमी करणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, 'नोंद कायम ठेवण्यात येत आहे' या आशयाचे.

महोदय,

आपल्या योजनेतला पहिला मुरघासाचा खड्डा माझ्या मळ्यात झाला, हे आपणांस स्मरत असेलच. हिरवी ज्वारी तोडून खड्ड्यात भरायची, थरावर थर तुडवून आतली हवा काढायची आणि वरून मातीने लिंपायचे. हवा राहिली की चारा सडला. तुडवण्यास चार बैलजोड्या ठेवाव्यात असे आपल्या कार्यालयाने कळवले आणि तारीखही कळवली. ती नेमकी पोळ्याची निघाली. ज्वारी तर आदल्या दिवशीच तोडून झाली होती. पोळ्याला बैल कामाला लावला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही, हे साहेबांना मी काय सांगावे!

सबब बैलांना पुरणपोळी घातली आणि त्यांच्या जागी आठ माणसे खड्ड्यात उतरली. सणाला आलेले माझे सासरे अंगाने भारी असल्याने सर्वांच्या पुढे होते. दिवस मावळेपर्यंत ते गोल फिरत होते. एकदाही थांबले नाहीत, फक्त मला नावे ठेवण्यापुरते थांबले.

संध्याकाळी आपले नवीन बाबू वही घेऊन आले. जुन्या नमुन्यात 'इतर' असा रकाना असे. नवीन राज्य झाल्यापासून आलेल्या नमुन्यात तुडवणारे म्हणून फक्त बैल आणि रेडे आहेत. बाबू म्हणाले, "जो खाना है, उसी में भरेंगे," म्हणजे आहे त्याच रकान्यात. मला वाटले, बक्षिसासाठी नावे घेताहेत. म्हणून मीच उत्साहाने सांगत गेलो : कडू, वय साठ, रंग सावळा, स्वभाव तापट. त्यांनी दात किती हे विचारले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चूक माझी आहे, हे कबूल करतो.

मागील महिन्यात खड्डा उघडला. चारा पिवळसर, आंबूस वासाचा, उत्तम निघाला. सासरे तो पाहण्यास मुद्दाम आले होते. त्याच दिवशी गुरांना बुळकांडी रोगाची लस टोचणारे दिगंबरराव आपली यादी घेऊन चावडीवर आले आणि साऱ्या गावासमोर त्यांनी पुकारा केला, "बैल क्रमांक एक, कडू!" आठ बैलांच्या आठ मात्रा मोजून मिळाल्या आहेत, त्या परत नेता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. यादीतल्या आठ जणांपैकी लोटूने देवीची लस समजून टोचून घेतली. त्याची प्रकृती ठीक आहे. सावधगिरी म्हणून मी त्याला दोन दिवस गोठ्यापासून लांब ठेवले.

सासरे मात्र चपला घालून निघाले आणि त्यांच्यामागे माझी पत्नी सौ. कोकिळाही खकनारला माहेरी गेली. मी दोनदा आणायला गेलो. ती दारातूनच म्हणाली, "माह्या बापाचं नाव बैलातून काढा, मंगच मी येईल." सासऱ्यांनी पाणीसुद्धा विचारले नाही.

मी आपणांस विनंती केली असता, नाव कमी करण्यास मृत्यू, विक्री किंवा चोरी यांपैकी एक कारण लागेल असे उत्तर आले. पहिले कारण मी मनातही आणू शकत नाही. विक्रीस घेणाऱ्याची सही लागते. सासूबाईंना विचारण्याची माझी हिंमत नाही. चोरीची तक्रार लिहून घेण्यास फौजदार तयार होते, परंतु हसू न आवरल्याने त्यांच्या हातून दौत सांडली आणि तक्रार राहिली.

साहेब, म्हशीचे दूध वाढले आहे, पण ते तापवायला घरात कोणी नाही. घर खायला उठते. मला कोकिळेची फार आठवण येते, हे सरकारी कागदावर लिहू नये हे मला कळते, तरी लिहितो.

तरी सासऱ्यांचे नाव त्वरित कमी करावे. नियमात तेही बसत नसल्यास माझे नाव 'मालक' या रकान्यातून काढून त्यांच्या जोडीला बैल म्हणून लिहावे आणि तशी नक्कल शिक्क्यासह द्यावी. ती घेऊन मी खकनारला जाईन.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,
कौतिक चुडामण महाजन
मु. पिंपळखेडी, तहसील बुऱ्हाणपूर
ता. १४ जानेवारी १९५८