राखाडी रंगाखालचं सागवान

प्रिय धाकट्या,

शनिवार, १४ मार्च, सकाळी सव्वाअकरा. डोळ्याच्या ऑपरेशननंतर मैत्रिणीकडे पंधरा दिवस काढून मी घराचं कुलूप उघडलं आणि आधी वाटलं, डॉक्टरने डोळा बिघडवला. दारं राखाडी, कपाट राखाडी, जिन्याचा कठडासुद्धा राखाडी. चष्मा पुसून पाहिला, तरी राखाडीच. बाबांनी एकेक फळी पारखून घेतलेलं सागवान, आणि तू त्याला राख फासून ठेवलीस! वर टेबलावर तुझी चिठ्ठी: ‘सरप्राइज! तपकिरी लाकूड आता फार जुनाट दिसतं, ताई. बघ घर कसं उजळलं.’ उजळलं? अरे, माझ्या ऑफिसातली फायलींची कपाटं याच रंगाची होती. त्यांच्याकडे पाहून कुणाचा चेहरा उजळल्याचं मला आठवत नाही.

लाकूड जुनं दिसत होतं, हे कबूल. ते लालसर चकचकीत पॉलिश पार काळवंडलं होतं. विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, खरवडून काढू या आणि सागाचा मूळ रंग दिसू दे. जुन्याला कवटाळून बसणारी बाई मी नाही. मोबाइल मी तुझ्याआधी घेतला. पण विचारणं तुझ्या स्वभावातच नाही. लहानपणी माझी सायकल अशीच न विचारता न्यायचास आणि पंक्चर करून गुपचूप जागेवर ठेवायचास. वर बाबांसमोर असा चेहरा करायचास, की ओरडा मला बसायचा.

आता तुझ्या रंगाऱ्याची गंमत ऐक. आमच्या कॉन्व्हेंटात दर शनिवारी आम्ही मुली बाकांना मेण चोळायचो. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मेण, जुनं फडकं, आणि हात दुखेपर्यंत घासणं. सिस्टरना बाकात स्वतःचा चेहरा दिसला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. ती सवय मला जी लागली ती लागलीच. नोकरीत असतानाही घरातल्या लाकडाला मेण लावणं मी चुकवलं नाही. ‘ताई कपाटाला मालिश करतेय,’ म्हणून तू खिदळायचास. तुझ्या त्या महाशयांनी मेण न काढताच वर रंग फासला. मेणावर रंग धरतो होय? रविवारी दाराच्या कडेला सहज नख लावलं, तर उन्हाने भाजलेल्या पाठीसारखी हातभर साल निघाली. मग काय, पदर खोचला. आज तीन दारं आणि अर्धं कपाट मोकळं झालंय. खांदा बोंबलतोय, पण इतकी मजा मला निवृत्तीच्या समारंभातही आली नव्हती.

एवढ्यासाठी मी तुला फोनवरच झापलं असतं. पण काल बेल वाजली. दारात घरांचा एजंट, बरोबर एक नवराबायको, त्यांच्या हातात मोजायची टेप. माझ्या केसांत रंगाचा चुरा पाहून एजंट म्हणाला, “मावशी, जरा बाजूला व्हा, घर दाखवायचंय. मालकीणबाई वृद्धाश्रमात गेल्या ना?” मी म्हटलं, “नाही गेल्या. तुमच्यासमोर उभ्या आहेत, आणि जाणारही नाहीत.” मग त्या नवराबायकोला मी आत बोलावलं, पाणी दिलं, आणि नखाने रंग कसा सोलून निघतो ते दाखवलं. बायकोने स्वतः सोलून पाहिला आणि हसत सुटली. एजंटने पाणीही घेतलं नाही.

घर आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि माझी सही तुला मिळणार नाही. तुझा वाटा हवा असेल, तर समोर बसून माग. मी ऐकून घेईन, तू माझा भाऊ आहेस. पण मला कुठे नेऊन ठेवायचं हे तू कधी ठरवलंस, आणि कुणाला विचारून? उत्तर लेखी हवं, तुझ्या अक्षरात, येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. फोन केलास तर उचलणार नाही. पाच वाजून गेले, तर पुढचं पत्र तुला माझा वकील लिहील, आणि तो ‘प्रिय’ने सुरुवात करत नाही.

तुझीच, आणि याच पत्त्यावर राहणारी,
ताई