सान मेलितोचं प्रमोशन

मंगळवार, २१ एप्रिल २०२०
ट्रॅव्हल कंपनीने स्टँड डाउन केल्याला, म्हणजे बिनपगारी घरी बसवल्याला, महिना झाला. बायकोच्या, वीणाच्या, हॉस्पिटलमधल्या नाइट शिफ्टवर घर चाललंय. पण मी खचणाऱ्यांतला नाही. आज इंटरनेटवरच्या एका चॅनेलवर पॅराग्वेच्या फुटबॉलची सेकंड डिव्हिजन सापडली. जगभर फुटबॉल बंद, आणि हे पठ्ठे खेळतायत! दर मंगळवारी, सकाळी साडेनऊला. सान मेलितो नावाचा गरीब क्लब आवडला. ताबडतोब दत्तक घेतला.
संकल्प: क्लब फर्स्ट डिव्हिजनला गेला की मला नोकरी लागणार. तोवर उगाच धडपड करायची नाही.

२८ एप्रिल
१-०! वीणा शिफ्टवरून येऊन दारात बूट काढत होती, तेवढ्यात गोल. म्हटलं, अजिबात हलू नकोस. बिचारी पंचवीस मिनिटं एका बुटावर उभी. आमच्या घराण्याने क्रिकेटचे कितीतरी सामने असेच जागेवरून न हलता जिंकून दिलेत. एका वर्ल्ड कपला काका चार तास बाथरूममध्ये होते.

१२ मे
सलग तिसरा विजय. स्टेडियम खचाखच, मास्क एकालाही नाही. पॅराग्वेने कोविड कसा आटोक्यात आणला, याचा आपल्या सरकारने अभ्यास करावा. आमच्या लेकीला, अनन्याला, हे "वियर्ड" वाटतं. चौदाव्या वर्षी सगळंच वियर्ड वाटतं.

२६ मे
हरलो. वीणा दारात न थांबता सरळ झोपायला गेली. स्पष्ट बोललो. म्हणाली, बारा तास उभीच होते. हे काय उत्तर झालं?

२ जून
इथल्या ब्लॅकटाउन उपनगरातल्या एका वेअरहाउसमधून फोन. डिस्पॅच सुपरवायझरची जागा आहे. पुढच्या मंगळवारी दहाला झूमवर इंटरव्ह्यू. वीणाला रडूच आलं. लगेच माझा निळा शर्ट इस्त्री करायला घेतला.
नेमकी तेव्हाच शेवटची मॅच. जिंकलो की फर्स्ट डिव्हिजनला प्रमोशन!

९ जून, सकाळी ९
वेअरहाउसला कळवलं, आज जमत नाही, दुसरी वेळ द्या. बाई "नो वरीज" म्हणाल्या. भली माणसं. वीणाला सांगितलं नाही, उगाच टेन्शन घेते. ती ऑल द बेस्ट म्हणून झोपलीय. मी निळा शर्ट घालून मॅचला बसलोय.

९ जून, दुपारी ३
हाफटाइमला अनन्या डोकावली. स्क्रीन पाहिली, फोनवर काहीतरी शोधलं आणि इंग्लिशमध्ये शांतपणे सांगितलं की पॅराग्वेतही मार्चपासून फुटबॉल बंद आहे. ही मॅच गेल्या वर्षीची. सगळ्याच गेल्या वर्षीच्या. चॅनेल दर मंगळवारी जुनंच दाखवतंय. शेवटचा स्कोअरही सांगून टाकला. ०-४.
लगेच वेअरहाउसला फोन लावला. दुपारी बाईंचा उलट फोन आला: दहाच्या वेळेला दुसऱ्याला बोलावलं आणि त्यालाच घेतलं. मीच "नो वरीज" म्हणालो. फार लाज वाटतेय.
आतून पलंगाचा आवाज आला. वीणा उठली. पहिलं हेच विचारेल, इंटरव्ह्यू कसा झाला. काय सांगू तिला? सान मेलितो गेल्या वर्षीच हरला?