माझी शाल, तुझे टोमॅटो

चंदीगड, मार्च १९८८

उल्का,

'प्रिय' लिहायला हात धजला नाही.

बॉम्बच्या भीतीने तुम्ही नागपूरला बदली करून घेतलीत. जाताना कुंपणापलीकडून ह्यांना म्हणालीस, "भावजी, माझ्या टोमॅटोंकडे बघाल ना?" तेव्हापासून ऑफिसला जाण्याआधी हे तुझ्याच अंगणात असतात. यंदा मार्च आला तरी थंडी हटत नाही. माझी मेथी रुजलीच नाही, ते ह्यांच्या लक्षातही आलं नाही. आज सकाळी बघते तर तुझ्या टोमॅटोंवर माझी शाल, लग्नानंतर ह्यांनीच आणलेली.

"अहो, माझी शाल आहे ती," म्हटलं.

"अगं, रोपं कोवळी आहेत," म्हणाले.

कर्फ्यूमुळे बाजार बंद, म्हणून दुपारी तुझ्या वाफ्यातला पालक केला. निवडला मी, शिजवला मी. हे दोनदा वाढून घेत म्हणाले, "उल्काच्या हाताला गुण आहे." आधी 'उल्कावहिनी' म्हणायचे. त्यातलं 'वहिनी' कधी गळलं, कोण जाणे.

हे पत्र मी टाकणार नाही. तुझा नागपूरचा पत्ता माझ्याकडे नाही. ह्यांना विचारावा लागेल, आणि तो ह्यांना पाठ असेल.

तुझी शेजारीण होते ती,
शैलजा