लाल पोटाच्या मासळीचं दुखणं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला गेला का, की अजून पाहुण्यांसमोरच येतो? मी ठणठणीत. मागच्या फोनवर बोललो होतो की फोरमनशी पटत नाही, हीही नोकरी सोडून घरी येतो, तेवढी आईची समजूत घाल. (या वेळी परत आलास तर दार उघडणार नाही, असं ती बजावून बसलीय.) त्याचं पुढे लिहितोच, आधी माशांचं ऐक.

खोलीत करमेना म्हणून काचेची टाकी आणि आफ्रिकेतल्या नदीच्या माशांची एक जोडी आणली. मासेवाला म्हणाला, ही मंडळी नदीच्या तळाशी बिळात राहणारी, आत एक मडकं आडवं ठेव आणि उगाच हात घालू नकोस. मडकं ठेवलं. पण यांना एका जागी बूड टेकवायचं ठाऊकच नाही (तू म्हणशील, मालकावर गेलेत). दिवसभर तोंडाने वाळू उपसायची आणि दुसरीकडे नेऊन थुंकायची. खोलीतला माझा जोडीदार रंगारी, त्याला खडबडीत काही बघवत नाही. तो सकाळी पट्टीने वाळू सपाट करून कामावर जायचा आणि संध्याकाळी टाकीसमोर उभा राहून माशांचा उद्धार करायचा.

अशात मादीचं पोट लालभडक झालं, आणि ती नरासमोर वाकडी होऊन थरथरायला लागली. मी म्हटलं, पोटात कळ आली. आपल्या घरी पोटदुखीवर औषध एकच, लंघन. म्हणून दोघांचं खाणं बंद केलं आणि तिला आराम पडावा म्हणून बादलीत वेगळं ठेवलं. घरमालकीण तीच बादली उचलून जिना धुवायला निघाली होती, रंगाऱ्याने हातातला ब्रश टाकून झडप घातली म्हणून वाचली बिचारी. मासेवाल्याकडे पळालो, तर तो हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला. "अरे शहाण्या, कसली कळ! ती नवऱ्याला मडक्यात बोलावतेय. आणि तू तिला उपाशीपोटी माहेरी धाडलीस?"

लगोलग सासरी पोचवली. तिने मडक्याचं तोंड वाळूने बुजवलं, आपल्यापुरतं भोक ठेवलं आणि नवऱ्याला बाहेर राखणीला बसवलं. मग एक दिवस बाहेर आली ती मागे ठिपक्यांचा ढगच घेऊन. पिल्लं! आता दुपारच्या सुट्टीत खोलीवर जाऊन त्यांना भरवावं लागतं. सुट्टी थोडी वाढवून मागायला भीतभीत फोरमनकडे गेलो. म्हणाला, "कसली पिल्लं? दाखव." आला, उलट्या बादलीवर बसला आणि बोटाने पिल्लं मोजायला लागला. आता कारखान्यात मी लेथ मशीनवर असलो की रोज ओरडून विचारतो, "काय रे, पोरं कशी आहेत?" नवी माणसं येऊन माझं अभिनंदन करतात.

बाकी सगळं ठीक. भाच्यांचे कान माझ्यातर्फे ओढ.

तुझा,
भिरभिऱ्या

ता. क. आईची समजूत घातली असशील, तर ती परत काढून घे. मी येत नाही.

आणखी ता. क. मासेवाला म्हणतो, पिल्लं जरा मोठी झाली की आईच त्यांना अंगावर धावून हाकलते. हे मात्र आईला वाचून दाखवू नकोस. ती एवढंच विचारेल, मासळीला किती वेळा हाकलावं लागतं.