दोनदा पोचलेले आकडे

रविवार, दिवेलागण. भोर

कपाळावरचा गुलाल अजून पुसलेला नाही. दूध संस्थेच्या निवडणुकीत मामा नऊ मतांनी निवडून आले, असं माझ्याच प्रोग्रॅमनं सांगितलं. गावोगावच्या केंद्रांवरून मोबाईलवर आलेले आकडे तो गोळा करतो, बेरीज करतो. मी लिहिला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही वाचा, चूक दाखवा, असं सभेत मीच ठणकावलं होतं. वाचला कुणी?

मघाशी वेल्ह्याकडच्या केंद्रावरून गुरुजींचा फोन आला. "ताई, हितं रेंज न्हाई. टेकडावर चढून आकडे धाडले. गेले का न्हाई कळंना, म्हणून परत धाडले. पोचले न्हवं?"

पोचले, दोन्ही वेळा. आणि दोन्ही वेळा बेरजेत धरले गेले. रेंज नसली की आपल्याकडं माणूस दोनदा पाठवतोच. इथंच वाढलेल्या मला हे सुचू नये? ते गाव मामांच्या बाजूचं. आकडे एकदाच धरले तर मामा पडतात.

गप्प बसले तर? हा गुलाल पण मामांनीच लावलाय.

शेवटी दुरुस्ती केली, चूक माझी असं लिहिलं, खाली नाव घातलं आणि नव्या बेरजेसकट संस्थेच्या ग्रुपवर सगळ्यांना दिसेल अशी टाकली. मग मामांना फोन लावला. मागं ताशा वाजत होता.

"मामा, मिरवणूक थांबवा. बेरीज चुकली. तुम्ही पडलाय."

ताशाचा आवाज लांब गेला. मग मामा हळू आवाजात म्हणाले, "हे अजून कुणाला ठावं हाय?"

"सगळ्यांना," मी म्हटलं.