भोक पाडलेलं भांडं

तीर्थरूप आईस,

टकळीचा नमस्कार. तुझी लेक गाढवचोरीच्या आरोपातून सुटली. घाबरू नकोस, खटला जुन्या ग्रीक रीतीचा होता आणि आमच्या वर्गातच भरला होता.

त्या लोकांत ज्याचा खटला त्यानंच बोलायचं. वेळ मोजायला भोक पाडलेलं मातीचं भांडं असायचं. त्यातलं पाणी संपलं की मुकाट खाली बसायचं. आमच्या बाईंनी तसंच भांडं टेबलावर ठेवलं. माझ्याविरुद्ध बोलणारा मुलगा मोठा वक्ता, पण त्याचं पाणी प्रस्तावनेतच वाहून गेलं. मी मात्र पाणी शिल्लक असतानाच सगळं सांगून मोकळी झाले. पंच झालेल्या मुलांनी एकमतानं मला सोडलं.

बाईंनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

म्हटलं, "आमच्या स्वयंपाकघरात. आई म्हणायची, दूध उतू जायच्या आत काय ते सांग."

सगळे हसले, पण बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. तुझं वाक्य, आई, विद्यापीठाच्या फळ्यावर. काकांना आवर्जून सांग. मेलेल्या भाषा शिकून काय दिवे लावणार, असं तेच म्हणाले होते ना?

माझी खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. खोकला आता बराच कमी आहे.

बाबांच्या छातीची तपासणी झाली का? फोनवर तू "बरे आहेत" एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस. या वेळी सगळं लिही, अगदी सावकाश. तुझ्या भांड्याला मी भोक पाडलेलं नाही.

तुझीच,
टकळी